हँडल मारा, पण स्पॅनिशमध्ये!

ऑफिसला उशीर झालाय, बाइकला चार किका मारल्या तरी ती ढिम्म. अशा वेळी तुम्ही काय म्हणता? 'गाडी चालू होईना.' 'गाडीचा आरंभ होईना' असं कुणी म्हणत नाही. मी मात्र स्पॅनिशमध्ये नेमकं तेच लिहून बसले होते!

झालं असं, की शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपची ऑइल इंजिनं पेरूला (फळ नव्हे, देश!) जाणार होती. इंग्रजी माहितीपत्रकाचं स्पॅनिश करायचं काम माझ्याकडे आलं. मास कॉमची डिग्री, वर स्पॅनिशचा कोर्स. मला कसलं टेन्शन? 'स्टार्ट'साठी बिनधास्त 'एम्पेसार' ठोकलं. पण एम्पेसार चालतं सिनेमा, मीटिंग, वर्ग सुरू व्हायला. इंजिनाला नाही. मग 'एन्सेन्देर' घेतलं. लॅटिन अमेरिकेत गाडी चालू करायला ते सर्रास वापरतात, तसंच 'प्रेन्देर'ही. पण दिवा लावायला, टीव्ही लावायलाही हेच शब्द. मन खाईना का?

शेवटी गाठलं वर्कशॉप. मिस्त्रीकाका म्हणाले, "ह्येला बटन कुठाय, ताई? हँडल मारायला लागतंय." आणि करूनच दाखवलं. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलला, हँडल गरागरा फिरवलं, वेग आल्यावर लिव्हर सोडला... धडधडधड! डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दाबानं तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं.

"आनि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटं फिरलं तर मोडतोय," काका म्हणाले. मी चमकले. ही सूचना इंग्रजी प्रतीत नव्हतीच!

घरी येऊन शब्द पक्का केला: 'आरांकार'. इंजिन चालू करणं आणि इंजिन चालू होणं, दोन्हींना तो चालतो. स्पेनपासून पेरूपर्यंत कळतो. स्टार्टर मोटारला म्हणतात 'मोतोर दे आरांके', हँडलला 'मानिवेला'. गंमत म्हणजे आरांकारचा दुसरा अर्थ उपटणं. दात उपटायलाही हाच शब्द! काकांना सांगितलं, तर ते खो खो हसले. "बराबर हाय की! हँडल मारताना खांदाच उपटतोय."

माहितीपत्रक आरांकारसह गेलं. अंगठ्याची सूचना ठळक टायपात, अगदी वरती. आता भाषांतराचं काम आलं, की माझा फंडा ठरलाय: आधी उद्यमनगर, मग डिक्शनरी!