जग जवळ आले, माणसांचे काय?

‘जग जवळ आले आहे’ हे वाक्य आजचे वाटते. पण ते तसे जुने आहे. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि बोटीने जायला काही आठवडे लागणारा निरोप तारेने झटपट पोहोचू लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. एकेकाळी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसणारे आपण आता हवा तेव्हा नातवाचा चेहरा पाहतो. अंतर कमी झाले, यात वाद नाही. दुरावा कमी झाला का, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट देऊन पाहणी केली. १९९८ मधला निष्कर्ष असा, की इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचे घरातल्या माणसांशी बोलणे थोडे घटले आणि एकटेपणा थोडा वाढला. पण २००२ साली त्यांनीच सांगितले, की त्याच लोकांमधले हे दुष्परिणाम पुढे बहुतेक ओसरले. दुसऱ्या एका गटात तर बोलक्या माणसांचा एकटेपणा कमी झाला, अबोल माणसांचा उलट वाढला. मला यातून एवढेच कळते, की यंत्र नाते निर्माण करत नाही. असलेल्या नात्याला ते हात देते.

माझी मावशी पुण्यात एकटी राहते, मुलगा न्यू जर्सीत. आपल्याकडे सकाळ झाली की त्याच्याकडे आदली रात्र. रोज दहा मिनिटे दोघे बोलतात. आज भाजी कुठली केली, गुडघा कसा आहे, असेच काहीबाही. जागतिकीकरणाने मुलगा लांब नेला आणि तंत्रज्ञानाने त्याचा चेहरा परत आणून दिला. पण मावशीला ताप आला, तर औषध घेऊन येतात त्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू.

मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, तेव्हा हा फरक लख्ख दिसला. परदेशातल्या अनेक मुलांनी आईवडिलांचे अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. तो पडदा नसता तर तेवढेही घडले नसते. मात्र प्रत्यक्ष धावून गेले ते शेजारी, स्वयंसेवक आणि पालिकेचे कर्मचारी.

म्हणून पडद्याला नावे ठेवू नयेत आणि सगळा भार त्याच्यावर टाकूही नये. रोजच्या ‘शुभ प्रभात’च्या फुलांऐवजी ज्याचे उत्तर ऐकायला थांबावे लागेल असा एखादा प्रश्न विचारावा. आणि लांब राहणाऱ्यांनी स्वतःला आणखी एक विचारावे: आईच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर आपल्याकडे आहे का?