झाड उतरवणं आणि झाड सांभाळणं: काही गैरसमज

वळवाचे ढग दिसू लागले की साताऱ्यात आणि सांगली-मिरजेत फांद्या उतरवण्याचा हंगाम सुरू होतो. महावितरणची तारांलगतची छाटणी चाललेली असते, तर शाळा आणि सोसायट्या आपल्या आवारातली झाडं ‘हलकी’ करून घेतात. कमरेला कोयता, खांद्यावर दोर आणि हातात पेट्रोलची करवत घेऊन माणसं वर चढतात. खाली उभ्या असलेल्या मालकाचं सांगणं बहुतेक ठिकाणी एकच असतं, “दादा, सगळं उतरवून टाका, परत चार वर्षं बघायला नको.” या एका वाक्यात या कामाबद्दलचे निम्मे गैरसमज सापडतात.

पहिला समज असा, की या कामाला फक्त धाडस लागतं. प्रत्यक्षात जाणत्या माणसाचा बराच वेळ चढण्याआधीच जातो. तो आधी झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी कवकाच्या फळ्या उगवल्यात का, माती एका बाजूला उचलली गेलीय का, वर एखादी तुटलेली फांदी अडकून राहिलीय का, हे पाहतो. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी चढायचं नाही. तारा जवळ असतील तर वीज बंद करून रीतसर परमिट घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारच्या घरातला जनरेटर चुकीच्या जोडणीने मेलेल्या तारेतही वीज सोडू शकतो, हे लाइनमनला ठाऊक असतं. झाडावरच्या माणसालाही ते ठाऊक हवं. पावसाळ्यात बगळ्यांच्या वसाहतीत अंडी-पिल्लं असतात, ढोलीत पिंगळा किंवा राखी धनेश असू शकतो. तेव्हा काम पुढे ढकलणं हाही कौशल्याचाच भाग.

प्रशिक्षित आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षतज्ज्ञ, आधी बारीक दोरीला वजन बांधून ती वरच्या भक्कम बेचक्यातून टाकतो, तिच्यामागून मुख्य दोर ओढून घेतो, खालून त्याच्यावर भार देऊन पाहतो आणि मगच अंगावरच्या पट्ट्याला अडकवतो. करवत चालवताना दुसरा आधारही बांधलेला असतो, कारण करवतीने चुकून एक दोर कापला तरी माणूस वाचला पाहिजे. पायाला लोखंडी काटे लावून चढणं फक्त तोडायच्या झाडावर चालतं; जगवायच्या झाडाला प्रत्येक पावलागणिक एक जखम होते. आपल्याकडचे कित्येक जण आजही एका दोरावर, अनवाणी, हेल्मेटशिवाय चढतात. त्यांच्या अंगातलं कसब अस्सल आहे. त्यांना पट्टा आणि दुसरा दोर पुरवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, आणि ती टाळली जाते याचा मला राग येतो.

दुसरा समज सांगली जिल्ह्यात विशेष घट्ट आहे: जितकं कडक छाटाल तितकं जोमानं फुटेल. त्याचं मूळ द्राक्षबागेत असावं. तासगावचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि वेल फुटतोच. पण त्या वेलाला पहिल्यापासून तसं वळण लावलेलं असतं. तिथे कापली जाते ती बोटाएवढी काडी. चाळीस वर्षांच्या पर्जन्यवृक्षाचा शेंडा उडवला तर फूटभर रुंदीची जखम उघडी पडते. पानं गेल्यामुळे अन्न तयार होणं थांबतं, आणि झाड साठवलेला पिष्टमय साठा खर्चून घाईघाईने धुमारे काढतं. तो जोम नसून धडपड असते. हे धुमारे सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून येतात, त्यांची पकड वरवरची असते. पाच-सात वर्षांत ते जाड होतात, खालचा ठोंब कुजत जातो, आणि वळवाच्या वाऱ्यात नेमके तेच मोडून पडतात. धोका टळावा म्हणून केलेल्या छाटणीतून नवा धोका उभा राहतो.

मोठी फांदी काढायचीच असेल तर तीन काप घेतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. त्यामुळे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडली जात नाही. उरलेला ठोंब तिसऱ्या कापाने, फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर काढायचा. ते कडं शाबूत राहिलं पाहिजे, कारण जखम मिटवणारी नवी वाढ तिथूनच सुरू होते.

मग कापावर डांबर, रंग किंवा बोर्डो पेस्ट? बागेत पेस्टचा उपयोग आहे, पण मोठ्या झाडाच्या जखमेवर असा लेप कूज थांबवत नाही. अमेरिकेतले वनरोगतज्ज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती भिंती उभारून त्याला वेगळं पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. डांबराखाली ओल मात्र कोंडून राहते.

पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड, हाही तितकाच चुकीचा समज. खोडाचा गाभा तसाही मृत असतो. जिवंत असतं ते सालीलगतचं लाकूड. म्हणून आतून पोकळ चिंच वर्षानुवर्षं चिंचा देते. उरलेली भिंत किती जाड आहे, ती कुठे फाटली आहे, हे लाकडी हातोडीच्या ठोक्याने आणि उपकरणांनी तपासता येतं. ढोलीत सिमेंट भरणं मात्र घातक, कारण झाड वाऱ्यात डोलतं आणि सिमेंट डोलत नाही.

मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात, असं जवळपास सगळेच मानतात. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. मिरज तालुक्यातल्या भोसे इथल्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामाची आखणी बदलावी लागली. त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण खोड वाचवलं आणि शेजारून गटाराचा चर खणला, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, तर कुऱ्हाड न लावताही झाड पडतं.

आणि ‘झाड माझ्या अंगणातलं, परवानगी कशाला?’ शहरी भागात १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं.

शेवटी पैशाची गोष्ट. अनेक ठिकाणी छाटणी फुकट होते आणि ठेकेदार मोबदला म्हणून लाकूड नेतो. ज्याची कमाई लाकडाच्या वजनावर ठरते, तो कमी का कापेल? मजुरी दिवसाच्या हिशेबाने ठरवा. कोणत्या फांद्या आणि का, हे चढणाऱ्याकडून आधी झाडाखाली उभं राहून समजून घ्या. आणि वाळलेल्या दोन फांद्या काढून तो खाली उतरला, बाकी झाडाला काही करायची गरज नाही म्हणाला, तरी पूर्ण दिवसाचे पैसे द्या.