रूपक मोजता येतो, मग प्रोग रॉक का ऐकवत नाही?

मागच्या एपिसोडनंतर वर्ध्याच्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, लिंकिन पार्क आमच्या ग्रुपात सगळ्याइले माहीत आहे, ग्रीन डे बी माहीत आहे. मंग प्रोग रॉक मले एकट्यालेच काऊन आवडते?" तर राजेहो, आजचं बोलणं त्याच्यासाठी.

प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. 1960 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही बँडना तीन मिनिटांचं गाणं पुरेना. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला 1969 मध्ये. 'येस'चं 'क्लोज टू द एज' (1972) हे एकच गाणं 18 मिनिटांच्या वर, रेकॉर्डची अख्खी एक बाजू. मग 1976-77 ला पंक आला. तीन कॉर्ड, दोन-तीन मिनिटं, विषय संपला! तिथून प्रोगची चलती ओसरली.

आता फोनचा हिशेब बघा. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो. मग ते तीन मिनिटांचं असो की वीस, मोजणी एकच. लांब गाणं करणाऱ्याचा यात तोटाच.

पण लोकांना धीर नाही, हे मला पटत नाही. 2019 मध्ये टूल या बँडचं दहा मिनिटांचं गाणं अमेरिकेच्या हॉट 100 यादीत आलं आणि अल्बम थेट पहिल्या नंबरवर गेला. आपल्याकडेही पॉर्क्युपाइन ट्री 2009 ला आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेले. मुंबईच्या 'कोशिश'नं 2013 मध्ये 'फिरदौस' हा हिंदी प्रोग अल्बम काढला. गर्दी ग्रीन डेइतकी नाही, हे खरं. पण जो येतो तो शेवटपर्यंत थांबतो.

आमचाही कॉलेजात बँड होता. गॅदरिंगला नऊ मिनिटांचं गाणं बसवलं, दोन महिने घासलं. स्लॉट पाच मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला माइक बंद! तो बँड तिथंच संपला. आमचा ड्रमर आता गावच्या भजनी मंडळात तबल्यावर असतो. तिथं रात्रभर भजन चालतं, त्याला कोणी घड्याळ दाखवत नाही.

म्हणजे कान तयार आहेत, जागा चुकते. पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावा आणि बोटांवर मोजा. सात येतात, आपल्या रूपकासारखे. गिटारच्या सोलोला मात्र ते चारवर येतं. तबला शिकलेल्या पोराला हे पहिल्यांदाच कळतं, मी करून पाहिलंय.

आणि त्या श्रोत्याला एक सांगणं. नागपूरच्या गाडीत बसशील तेव्हा 'क्लोज टू द एज' घरूनच डाउनलोड करून ने, मधे रेंज जाते. शफल बंद ठेव. अख्खा अल्बम 40 मिनिटांच्या आतला आहे, नागपूर यायच्या आधी संपतो.