नागअळीची वाट

आमच्या शेजारच्या आबांनी परसात लिंबोणीची दहा रोपे लावली होती. पहिल्या पावसात कोवळी पालवी फुटली. आठ दिवसांत पाने आकसू लागली. पानांवर चांदीसारख्या चमकणाऱ्या नागमोडी रेघा उमटल्या. आबा म्हणाले, "गुरुजी, दृष्ट लागली. आता उपटूनच टाकतो."

मी एक पान उजेडात धरले. रेघेच्या टोकाला पापुद्र्याखाली बारीक पिवळसर अळी होती. म्हटलं, "आबा, ही बघा तुमची दृष्ट!"

हिचे नाव नागअळी. ही एका रुपेरी पतंगाची पोर. पतंग एवढासा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतका. त्याच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका असतो. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. अंड्यातून अळी निघते, ती थेट पानात शिरते. आतला रस पीत ती पुढे सरकते. तीच ही रेघ. अळी वाढते, तशी रेघ रुंद होते. रेघेच्या मधली काळी ओळ म्हणजे तिची विष्ठा. शेवटी पानाची कड दुमडून ती आत कोष करते. कोषातून पुन्हा पतंग निघतो. उबदार हवेत हे सारे दोन आठवड्यांत उरकते. थंडीत दीड महिनाही लागतो.

ही कीड मूळची आशियातली. 1856 साली स्टेन्टन या इंग्रज अभ्यासकाने कलकत्त्याच्या पतंगावरून तिला शास्त्रीय नाव दिले. 1993 साली ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली. आपल्याकडे ती लिंबू, संत्रे, मोसंबी, सगळ्यांवर येते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. नागअळीला कोवळे पानच लागते. जून पान तिला चालत नाही. म्हणून जुन्या पानांवर औषध मारणे म्हणजे पैसा पाण्यात. मोठे झाड हा त्रास सोसते. लहान रोप मात्र खुरटते. शिवाय पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोग शिरतो.

म्हणून नवी पालवी फुटताच पाने उलटून बघा. लहान रोपांची थोडी पाने पोखरलेली असतील, तर ती खुडून जाळा. पालवीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. जहाल औषधे ऊठसूट मारू नका. नागअळीला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. औषधाने त्याही मरतात.

आबांनी रोपे उपटली नाहीत. आता पालवी फुटली, की आबा सकाळी पाने उलटून बघतात.