शब्दामागची गोष्ट : मेफिटिक



शेणाच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्याजवळून जाताना आपण नाकाला उपरणं लावतो आणि म्हणतो, "काय घाण मारतीय!" अशा घाणीला इंग्रजीत एक जुना शब्द आहे, 'मेफिटिक'. त्याचा अर्थ दुर्गंधी सुटलेला, आणि विषारीसुद्धा. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले?

मूळ शब्द लॅटिन, 'मेफिटिस'. जमिनीतून निघणारी दुर्गंधीयुक्त वाफ म्हणजे मेफिटिस. प्राचीन इटलीत याच नावाची एक देवीही होती. दक्षिण इटलीतील आन्सान्तो खोऱ्यात तिचे ठाणे होते. उत्खननात तेथे भक्तांनी वाहिलेल्या लाकडी मूर्ती मिळाल्या आहेत. तेथील डबक्यातले पाणी जाळाशिवायच खदखदते, कारण भूगर्भातून वायू वर येतो. त्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि जोडीला सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड. वारा पडला की हे जड वायू खोलगट जागी साचतात आणि तिथं उतरलेलं जनावर मरतं.

पुढे शास्त्रज्ञांनीही हा शब्द उचलला. १७७२ साली एडिंबरो येथे डॅनियल रदरफोर्ड यांनी नायट्रोजनचा शोध ज्या प्रबंधात मांडला, त्याच्या शीर्षकातच 'मेफिटिक' हवेचा उल्लेख आहे. अमेरिकेतील स्कंक हा घाण वासाची पिचकारी मारणारा प्राणी. त्याचे शास्त्रीय नावही मेफिटिसच.

आता आपल्या कामाची गोष्ट. गोबरगॅसची टाकी, मळीची टाकी, सांडपाण्याचा खड्डा, वापरात नसलेली विहीर, या सगळ्या आन्सान्तोच्याच बहिणी. कार्बन डायऑक्साइडला वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला आहे, पण हवेच्या दहा लाख भागांत तो १०० भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होते. माणसाला वाटते वास गेला, हवा सुधारली. प्रत्यक्षात ती जास्त बिघडलेली असते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही. कंदील विझला तर धोका नक्की, पण तेवत राहिला म्हणून हवा चांगली असे होत नाही.

म्हणून अशा जागी कोणीही उतरू नये. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. एकामागून एक माणसे जातात ती अशीच. आरडाओरडा करा, अग्निशामक दलाला बोलवा, श्वासाचे उपकरण लावलेल्या माणसालाच आत जाऊ द्या.

घाण वास आला तर सावध व्हा. येता येता एकदम थांबला, तर दुप्पट सावध व्हा.