झाडीची रंगभूमी (भाग ६) : गवयाचं गाणं नाटकात येतं तेव्हा

मोठ्या गवयाचं गाणं नाटकात आणायचं म्हणजे काय करायचं? त्याची गाजलेली गाणी घ्यायची, मध्ये चार प्रवेश टाकायचे, असं अनेकांना वाटतं. त्यातून अर्धवट मैफल होते आणि अर्धवट नाटक.

आधी 1916 सालचं ‘स्वयंवर’ पाहू. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, कंपनी गंधर्व नाटक मंडळी, रुक्मिणी बालगंधर्व. संगीत भास्करबुवा बखल्यांचं. बुवांकडे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांची तालीम, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांचा साठा. बैठकीत ख्याल अर्धा तास चालला तरी कुणी घड्याळ पाहत नाही. मंचावर तेवढ्या वेळात लग्न जमून मोडतंही. म्हणून बंदिशीचा मुखडा आणि अंतरा ठेवायचा, विलंबिताचा पसारा आवरायचा, लय चढी घ्यायची आणि ताना मोजक्या जागी सोडायच्या. चाल आधी, शब्द मागून. त्यामुळे खाडिलकरांची काही पदं वाचताना दातांत अडकतात, हे खरंच आहे. पण ती वाचण्यासाठी नव्हतीच.

‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आलं, तेव्हा प्रकरण वेगळ्या वळणावर गेलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. म्हणजे अर्धं श्रेय विदर्भाने हक्काने मागावं. संगीतकार जितेंद्र अभिषेकी मात्र गोव्याच्या मंगेशीचे. इथे गाणं प्रसंगाला सजवत नाही, भांडणच गाण्याचं आहे. नाटकातल्या पंडितजींची गायकी एक, खाँसाहेबांची दुसरी, आणि दोघांमध्ये राजगायकपद. अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोनदा बांधलं: पंडितजींसाठी सालगवराळीत संथ, खाँसाहेबांसाठी धानीत द्रुत. शब्द तेच, माणूस दुसरा. घराणं म्हणजे काय हे व्याख्यानाने समजावायला तास लागला असता. इथे प्रेक्षकाला रागाचं नावही ठाऊक असावं लागत नाही. वसंतरावांची आक्रमक, झेपावणारी तान त्या भूमिकेचा स्वभावच झाली. माझ्या मते आपल्याकडे गवयाच्या गायकीचं नाटक यापेक्षा चांगलं झालेलं नाही.

आता आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत येऊ. धान घरात येऊ लागतं, दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंत रात्रभर नाटकं चालतात. कंपन्या बहुतेक वडशाच्या. उघड्या मांडवात, थंडीत, हजारोंच्या गर्दीसमोर नट अजूनही स्वतः गातो, ही झाडीची खरी श्रीमंती. पण नाजूक मींड तिथे मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. ठसठशीत मुखडा पोचतो, आणि प्रसंग तापलेला असेल तर साधी हाकसुद्धा पोचते. अडचण अशी, की हल्ली प्रसंग थंड पडला की मध्येच एक लावणी घुसवतात. टाळ्या मिळतात, नाटक तिथेच बसतं.

झाडीतल्या लेखकांना म्हणूनच सांगणं आहे: वसंतरावांवर किंवा खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेल्या तुकडोजी महाराजांवर नाटक लिहायचं असेल, तर गाण्यांची यादी मागाहून करा. त्या गाण्यामुळे कुणाचं कुणाशी बिनसलं, ते आधी शोधा.

पुढच्या आठवड्यात दंडार.