४.७ म्हणजे काठावर नापास

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका होमस्टेत चार दिवस राहून आलो. बुकिंग रिव्ह्यू वाचूनच केलं होतं. ४.९ गुण, शंभरेक जणांची शाबासकी आणि 'अगदी घरच्यासारखं वाटलं' हे वाक्य निदान वीस वेळा. ते शब्दशः खरं निघालं. आमच्या घरी गरम पाणी पहिल्या दोघांनाच मिळतं, तिथेही तसंच. पंखा तीनवर ठेवला की खडखडायचा आणि दोनवर ठेवला की फिरतोय की थांबलाय हे बघायला टॉर्च लागायचा. निघताना काकूंनी आईच्या हातात आमसुलांची पुडी ठेवली, काकांनी बॅगा स्वतः गाडीपर्यंत आणल्या. घरी आल्यावर मोबाइल उघडला आणि मुकाट्याने पाच स्टार ठोकले. पंख्यातला 'प'सुद्धा लिहिला नाही.

म्हणजे मीसुद्धा त्या वीस जणांतलाच एकविसावा. मग जरा खोदकाम केलं, तर बरीच मजा हाती लागली.

सगळेच गुणवत्ता यादीत

अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एअरबीएनबीवरच्या जगभरातल्या ६ लाखांहून जास्त घरांचे गुण तपासले. सरासरी निघाली ५ पैकी ४.७! जवळपास ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच स्टार. साडेतीनच्या खाली औषधालाही कोणी नाही. त्याच अभ्यासात ट्रिपॅडव्हायझरवरच्या हॉटेलांची सरासरी होती ३.८. आता, जगातले सगळे सज्जन घरमालक एका ॲपवर आणि सगळे आळशी हॉटेलवाले दुसऱ्या ॲपवर, असं तर झालेलं नसणार. दहावीच्या निकालासारखं आहे हे. ९५ टक्केवाले गल्लोगल्ली झाले की टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

यात आणखी एक गोम आहे. एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट'चा बिल्ला हवा असेल तर सरासरी किमान ४.८ लागते आणि दर तीन महिन्यांनी उजळणी होते. समजा दहा पाहुणे आले. सात जणांनी पाच स्टार दिले, तिघांनी चार. झाले ४.७, बिल्ला हुकला. आपण चार स्टार देतो ते 'छान होतं हो' या अर्थाने. मालकाच्या लेखी ते प्रगतिपुस्तकावरचं लाल वर्तुळ असतं. त्यामुळे हल्ली कित्येक मालक पाहुण्याला निघतानाच गोड आवाजात सांगतात, "पाच द्या बरं का, चार म्हणजे आमच्याकडे नापास." एकदा हे कानावर पडलं की चार द्यायला बोट उचलत नाही.

सगळेच पहिले आल्यावर करायचं काय? २०२३ मध्ये कंपनीने 'गेस्ट फेव्हरिट' नावाचा नवा बिल्ला काढला. म्हणजे हुशार तुकडीतली आणखी हुशार तुकडी.

बिनपैशाचं खोटं

बनावट रिव्ह्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीत शंभर मोबाइल मांडून बसलेली टोळी येते. अशा टोळ्या असतात, त्यांच्याकडे येऊच. पण माझं मत विचाराल तर होमस्टेच्या बाबतीत सगळ्यात मोठं खोटं कुणी विकत घेत नाही. ते भिडेपोटी, फुकटात आणि मनापासून बोललं जातं. ज्या काकूंनी सोलकढी दोनदा वाढली, त्यांच्या मोरीला शेवाळ होतं हे जगजाहीर कोण करणार? आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं!

आणि हे फक्त आपलंच नाही. एअरबीएनबीवर पाहुणा मालकाला गुण देतो, तसा मालकही पाहुण्याला देतो. पूर्वी आधी लिहिणाऱ्याचा रिव्ह्यू समोरच्याला लगेच दिसायचा. मग 'तू मला तीन दिलेस? थांब, तुला दोन' हे ओघाने आलंच. २०१४ च्या जुलैत कंपनीने कुलूप लावलं: दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा १४ दिवस उलटल्याशिवाय कुणाचाच रिव्ह्यू उघडत नाही. त्याआधी ईबेने हाच घोळ वेगळ्या पद्धतीने मिटवला होता. २००८ मध्ये त्यांनी विक्रेत्यांचा, गिऱ्हाइकाला वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला.

कुलूप लावून काय झालं? सूडबुद्धी कमी झाली, गुण किंचित उतरले. किंचितच. कारण भीती गेली तरी भीड शिल्लक होती. आंद्रे फ्रॅडकिन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एअरबीएनबीवर आणखी एक प्रयोग करून पाहिला. राहून गेलेल्या पण रिव्ह्यू न लिहिणाऱ्या काही पाहुण्यांना २५ डॉलरचं कूपन देऊ केलं. लालूच दाखवल्यावर त्यांनी जे लिहिलं, ते नेहमीच्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त तिखट निघालं. म्हणजे खूश झालेला लिहून मोकळा होतो आणि ज्याच्या पोटात तक्रार आहे तो 'जाऊ दे ना' म्हणून गप्प बसतो. आपण वाचतो ते निम्मंशिम्मं नाटक. दुसरा अंक न लिहिणाऱ्यांच्या पोटात.

नवऱ्याचा उल्लेख आला की सावध!

२०११ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी शिकागोतल्या २० हॉटेलांचे ४०० खरे रिव्ह्यू गोळा केले आणि त्याच हॉटेलांचे ४०० खोटे रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतले. मग माणसांना बसवलं ओळखायला. छापा-काटा करून जेवढं जमलं असतं, त्याच्या आसपासच त्यांचं जमलं. संगणकाने मात्र जवळपास ९० टक्के बरोबर ओळखले.

कशावरून? इथे खरी मेख आहे. खोटं लिहिणारा तिथे गेलेलाच नसतो, म्हणून तो स्वतःबद्दलच बोलत राहतो: मी, माझा, माझा नवरा, आमची सुट्टी. खरा राहून आलेला माणूस जागेबद्दल बोलतो: बाथरूम, मजला, खोली लहान, भाडं किती. खोट्याला बाथरूम आठवत नाही, कारण त्याने ते पाहिलेलंच नसतं. हे वाचल्यापासून 'आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची स्वप्नवत सहल' असा रिव्ह्यू आला की मी पुढे सरकतो आणि 'नळाला पाणी सकाळी सातनंतर' दिसलं की थांबतो.

झोपडीचा नंबर पहिला

खोट्याचा विश्वविक्रम म्हणावा असा किस्सा लंडनचा. उबा बटलर नावाच्या पत्रकाराने २०१७ मध्ये आपल्या परसातली शेड ट्रिपॅडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली. पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस आणि एका फोटोत चक्क स्वतःची टाच. ओळखीपाळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहवून घेतले, फोन करणाऱ्यांना 'जागा फुल' म्हणून सांगत राहिला. सुरुवात १८,१४९ व्या क्रमांकावरून. सहा-सात महिन्यांत 'द शेड ॲट डलिच' लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट! तोवर तिथे कुणी एक घासही खाल्ला नव्हता.

राहण्याच्या जागांतही कलाकार आहेतच. २०१९ मध्ये 'व्हाइस' या बातम्यांच्या साइटने एअरबीएनबीवरची एक साखळी उघडी पाडली. पाहुणा दारात येईपर्यंत सगळं ठीक, मग ऐनवेळी फोन: "प्लंबिंगचा घोटाळा झालाय हो, पण आमची दुसरी जागा आहे ना, याहून मोठी." ती जागा अर्थातच भिकार. आणि मालकांना मिळालेले चांगले शेरे? त्यातले काही त्याच साखळीतल्या दुसऱ्या नावांनी लिहिलेले. अहो रूपम् अहो ध्वनिः!

वाईट लिहाल तर दंड

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातल्या एका गेस्ट हाउसने नियम केला होता: तुमच्या लग्नाच्या वऱ्हाडातल्या कुणी वाईट रिव्ह्यू लिहिला, तर प्रत्येकी ५०० डॉलर तुमच्या अनामत रकमेतून वळते करू. २०१४ मध्ये हे बाहेर फुटलं. मालक म्हणाले, विनोद होता. लोकांनीही विनोदानेच उत्तर दिलं. त्या जागेच्या पानावर एका स्टारचा पाऊस पडला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या एका हॉटेलने वाईट रिव्ह्यूबद्दल एका जोडप्याच्या कार्डवरून १०० पौंड परस्पर कापले. बोभाटा झाल्यावर परत केले. २०१६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला, गिऱ्हाइकाच्या तोंडाला असं कुलूप लावता येणार नाही.

उलट्या दिशेनेही शिक्षा झाली आहे. २०१८ मध्ये इटलीतल्या लेच्चे शहरातल्या कोर्टाने हॉटेल-रेस्टॉरंटांना बनावट रिव्ह्यू विकणाऱ्या एका माणसाला नऊ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली.

आणि आपल्याकडे? भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं. कागद चांगला आहे, पण ऐच्छिक. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मात्र विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याची बतावणी करून स्वतःच रिव्ह्यू लिहायला साफ मनाई आहे. तेव्हा मालकाच्या मेव्हण्याने चार नावांनी लिहिलेलं कौतुक हा निव्वळ कौटुंबिक जिव्हाळा नव्हे.

शून्य म्हणजे अडीच

बुकिंग डॉट कॉमवर कित्येक वर्षं दहापैकी कमीत कमी गुण २.५ होते. पाहुण्याने सगळीकडे रडका चेहरा दाबला तरी अडीच गुण फुकट. ती पद्धत नंतर बदलली, पण जुन्या प्रवाशांच्या डोक्यात 'सात म्हणजे बरं' हे बसलंय ते बसलंच.

लिहिण्याचा हक्क कुणाला, यावरही सगळं अवलंबून असतं. एअरबीएनबी आणि बुकिंगवर बुकिंग केलेलाच लिहितो. ट्रिपॅडव्हायझर आणि गुगल मॅप्सवर खातं असलेला कुणीही. २०१४ साली तीन संशोधकांनी ट्रिपॅडव्हायझर आणि एक्स्पीडिया शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एक्स्पीडियावर खरोखर राहिलेलेच लिहू शकत होते. शेजारीच स्वतंत्र छोटं हॉटेल असेल, तर दरवाजे सगळ्यांना उघडे असलेल्या ट्रिपॅडव्हायझरवर वाईट शेरे जास्त दिसले. शेजारधर्म! आपल्या समुद्रकिनाऱ्यांवरचे बहुतेक होमस्टे लोक गुगल मॅप्सवरच शोधतात, हे इथे लक्षात घ्या.

तरीही नाकारून चालत नाही

ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेसाठी हॉटेलं भरली होती, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकल्या आणि ८० डॉलर रात्र लावली. एअरबीएनबी ती हीच. पहिला पाहुणा एक भारतीय डिझायनर होता, आडनाव सुर्वे! त्याच्यापुढे वाचायला एकही रिव्ह्यू नव्हता. पण सगळ्यांनाच असा आंधळा विश्वास टाकता येत नाही. अमेरिकेतल्या प्रयोगांत कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या पाहुण्यांना मालक जास्त वेळा नकार देत होते. पाहुण्याच्या खात्यावर एक चांगला रिव्ह्यू आला आणि हा फरक जवळजवळ पुसला गेला. एका ओळीची ही ताकद आहे.

म्हणून मी रिव्ह्यू वाचायचं सोडलेलं नाही, स्टार बघायचं सोडलंय. आधी तीन आणि चार स्टारवाले वाचतो, कारण त्यांनी भीड मोडून लिहिलेलं असतं. जुलैत जायचं असेल तर जुलैतलेच वाचतो. मे महिन्यातला 'स्वर्ग' पावसाळ्यात गळतो. रिव्ह्यूंच्या शोधचौकटीत 'पाणी', 'जिना', 'डास' टाकून बघतो. भाषाही आता पाठ झाली आहे. 'निसर्गाच्या कुशीत' म्हणजे रेंज नाही. 'टुमदार' म्हणजे बॅग उघडली की दार उघडत नाही. 'गावरान अनुभव' म्हणजे पहाटे चारला कोंबडा. 'मालक फार प्रेमळ' एवढंच लिहिलं असेल, तर बाकी काही प्रेमळ नव्हतं.

त्या कोकणातल्या घराचं काय झालं? १४ दिवस संपण्याआधी मी ॲपवरून काकांना मेसेज पाठवला: पंख्याचा कपॅसिटर बदला. "बदलला, पुढच्या खेपेला या," असं उत्तर आलं. तेव्हा तुम्ही परत आलात की मालकाला काय स्टार द्यायचे ते द्या, पण खाली एक ओळ बाथरूमबद्दल नक्की लिहा. आम्ही तीच शोधत असतो.